दोन पायऱ्या खाली

थोरले दार वाजवत आणि लगेच दोन पायऱ्या खाली उतरून उभे राहत. दार उघडणाऱ्याला आपली उंची अंगावर आल्यासारखी वाटू नये, म्हणून. त्यामुळे मला आधी दिसे तो त्यांचा भांग, पावसाने भिजलेल्या गव्हाळ केसांत पट्टीने आखल्यासारखा; आणि मग छातीवरची काळी नावपट्टी. तिच्यावर आडनावाच्या आधी ‘एल्डर’ असं कोरलेलं होतं. एल्डर म्हणजे वडीलधारे. वय जेमतेम वीस, हनुवटीवर अजून पुटकुळ्या. मी त्यांचं नाव ‘थोरले’ ठेवलं. त्या नावात माया नव्हती, हे आधीच सांगून टाकते.

ते मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी होते. अमेरिकेतल्या कुठल्याशा बटाट्याच्या शेतांमधून दोन वर्षांसाठी जर्मनीत आलेले. दोन हजारच्या दशकाची ती मधली वर्षं. आम्हीही तेव्हा वोल्फ्सबुर्गला नवेच होतो. नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि मी नागपुरात मराठी कवितेत एम. ए. करून इथे तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून कारखान्याची पाळी सुटल्यावर परतणाऱ्या गाड्या बघत बसलेली. त्या गावाची शांतता घट्ट झाकण लावलेल्या डब्यासारखी होती. त्या झाकणावर टकटक करणारे पहिले थोरले, आणि त्याबद्दल त्यांना आमच्या इमारतीत कोणी क्षमा केली नाही.

तळमजल्यावरच्या फ्राउ क्र्यूगर, म्हणजे क्र्यूगरबाई, यांनी टपालपेटीवर चिठ्ठी लावली होती, ‘जाहिराती नकोत, प्रेषितही नकोत.’ थोरल्यांची सायकल फाटकाशी दिसली की जिना पुसायची पाळी आपली नसली तरी त्या बादली घेऊन बाहेर येत आणि पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर साबणाचं पाणी ओतत. थोरले मुकाट्याने बूट काढून हातात घेत आणि मोज्यांनी त्या पायऱ्या चढत. वर पोचेपर्यंत त्यांच्या मोज्यांना लिंबाच्या साबणाचा वास लागलेला असे.

“राग नाही येत?” मी एकदा विचारलं.

“येतो. मग मी म्हणतो, अजून एक दार.”

‘अजून एक दार’ हा त्यांचा मंत्रच होता. साडेसहाला उठायचं, पोथी वाचायची आणि अंधार पडेपर्यंत दारं वाजवायची. सोबत कायम एक जोडीदार. त्याच्या नजरेआड क्षणभरही व्हायचं नाही. आईशी फोनवर बोलायचं ते वर्षातून दोनदा. दर काही आठवड्यांनी जोडीदार बदलले जात, इतके की मला त्यांचे चेहरे आठवत नाहीत. ते सगळे एकाच पांढऱ्या सदऱ्याच्या घड्या असावेत तसे. वीस महिन्यांत थोरल्यांच्या हातून एकही बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात बुडवून धर्मात घेण्याचा विधी, झाला नव्हता. “एक तरी व्हावा,” ते म्हणत, आणि तेव्हा त्यांचा आवाज शाळेचा निकाल घरी कसा सांगायचा या चिंतेतल्या मुलासारखा येई.

घरात ते प्रथम आले ते एका शनिवारी. “तुझे थोरले आलेत बघ,” नवरा हसत म्हणाला. “विचार, आज कुठला स्वर्ग आणलाय.” मी आलं ठेचून चहा केला. वाफेने चष्मे धुरकटले, खोलीभर आल्याचा तिखट सुगंध पसरला, आणि थोरल्यांनी कप दोन्ही हातांनी अलगद मागे सारला.

“आम्हाला हा चालत नाही.”

चालत नाही! “आमच्या घरचा चहा न चालणारी माणसं मला लहानपणापासून ठाऊक आहेत,” मी म्हणाले. “माझ्या वडिलांबरोबर शिकवणारे मास्तर आमच्या ओट्यावर बसून तासभर बोलत आणि कप तसाच निवू देत. आमच्या जातीच्या हातचं त्यांना चालत नसे. तुमच्याकडेही तसंच का?”

थोरल्यांचे कान लालबुंद झाले होते. “चहा आम्हाला कोणाच्याच हातचा चालत नाही, फ्राउ मेश्राम. माझ्या आईच्यासुद्धा.” मग ते म्हणाले, “मला पाणी द्याल?”

मी पाणी दिलं. त्यांनी ते एका दमात संपवून ग्लास पुढे केला. “अजून एक.” तो रिकामा झाला, तिसराही झाला. घशाखाली उतरणाऱ्या पाण्याचा आवाज त्या अवघडलेल्या खोलीत स्वच्छ ऐकू येत होता. त्या दिवसापासून देवाचं नाव काढण्याआधी ते पाणी मागू लागले. मात्र नवरा घरी नसताना एकट्या बाईच्या घरात शिरायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नियम होता. त्यामुळे पाणी जिन्यातच द्यावं लागे. कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवून पाणी देणं माझ्या हातांना जड जाई. मी तसं सुनावलं, की ते म्हणत, “नियम माझ्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.” आणि माझा संताप दुप्पट होई.

एकदा त्यांना गप्प करावं म्हणूनच मी वडिलांची गोष्ट सांगितली. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. तरुणपणी शेजाऱ्याचं पांढरं धोतर मागून नेसून ते नागपूरच्या त्या मैदानावर लाखोंच्या गर्दीत उभे राहिले आणि बौद्ध झाले. पुढे आयुष्यभर त्यांना त्या दिवसाचा आठवे तो वास, नव्या कापडाच्या खळीचा. “आमच्या घराने धर्म एकदा बदलला आहे,” मी म्हणाले. “तो विचार करून बदलला. आता तुमची पोथी आवरा.”

थोरल्यांनी पोथी खरंच पिशवीत ठेवली. “त्यांना भीती वाटली होती का?”

दादांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्या दिवसाबद्दल मला कितीजणांनी काय काय विचारलं होतं. हे कोणीच नव्हतं विचारलं. “पाय कापत होते, म्हणायचे.”

त्यांनी वंशवृक्षाचा एक छापील कागद काढला. माझ्याकडून दादांचं नाव, जन्मगाव, आजोबांचं नाव लिहून घेतलं, मग पेन्सिल माझ्या हाती देऊन म्हणाले, “तुमच्या लिपीत लिहाल?” मी लिहिलं. परक्या देशात दादांचं नाव कोणी एवढ्या आस्थेने मागितलं, या सुखात मी संध्याकाळभर वावरत होते.

ते सुख फ्राउ क्र्यूगरनी दुसऱ्याच दिवशी कपडे वाळत घालताना मोडलं. “नावं दिलीत त्यांना? अहो, त्या नावांचं ते काय करतात, ठाऊक आहे? मेलेल्याच्या नावाने जिवंत माणसाला पाण्यात बुडवतात. झाला तुमचा बाप मॉर्मन!”

मी तशीच फाटकाशी उभी राहिले. थोरले जोडीदारासह सायकलवरून उतरले, तेव्हा माझ्या हातातलं ओलं फडकं टपटप गळत होतं.

“कागद कुठे आहे?”

“खोलीवर.” ते समजले. “तो कुठेही पाठवलेला नाही. घरच्यांच्या होकाराशिवाय मी पाठवणार नव्हतो.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तो धडा बराच पुढे येतो. तुम्ही मला पहिल्याच्या पुढे कधी जाऊच दिलं नाहीत.”

“माझ्या वडिलांनी कापणाऱ्या पायांनी जे केलं, ते तुम्ही पाण्याच्या एका बुडीत पुसणार होता?”

“पुसत नाही. आम्ही मानतो, की मृतालाही नाही म्हणता येतं.”

“मग त्यांच्या वतीने मी म्हणते. नाही! कागद आणून द्या. नक्कल केली असेल तर तीही.”

“नक्कल नाही. मी खोटं बोलत नाही, फ्राउ मेश्राम. खोटं बोलता आलं असतं, तर एखादा बाप्तिस्मा झाला असता.”

एरवी मी हसले असते. त्या दिवशी पाठ फिरवली. जिना चढताना ध्यानात आलं, की ज्याची त्यांनी वीस महिने वाट पाहिली तो ‘एक तरी’ माझे दादाच व्हावेत, अशी आशा त्यांनी मनात धरली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. थोरले दोन पायऱ्या खाली होते, हातात बॅग; जोडीदार जिन्याच्या वळणावर. त्यांची दुसऱ्या शहरात बदली झाली होती, गाडी तासाभरात होती. वर पाहत त्यांनी कागद पुढे केला. मी तो घेतला. त्यांनी पाणी मागितलं नाही. मीही विचारलं नाही. मी दार लावलं. बराच वेळ पावलं वाजली नाहीत, आणि मग खाली बादली आपटल्याचा आवाज आला.

कागद मी उलगडला तो दुपारी. माझ्या अक्षरातलं दादांचं नाव होतं तसंच होतं. त्याखाली पेन्सिलीने तेच नाव गिरवलेलं, आठ वेळा. पहिल्या ओळीत काने लंगडे, वेलांट्या उलट्या. शेवटची ओळ जवळजवळ बरोबर. दुसरा शब्द नव्हता. ते नाव पाठवण्यासाठी गिरवलं होतं, की नुसतंच, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यांचा धर्म मला तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही. कोणी देव विकायला दारात आलं, तर मी अजूनही दार लावून घेते. पण आधी पाणी विचारते.