उंबरठ्यावरचा बांध

माझ्या सासूबाई सुंदराबाई बोनकोड्याच्या. आमची लहानशी नदी डोंगरातून निघायची, रबाळ्यावरून वळणं घेत आमच्या भातशेतांशी यायची आणि पुढे खाडीला मिळायची. उधाणाला खाडीच उलटी नदीत शिरायची. खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून सासूबाई जन्मभर बांधावर चिखल थापत राहिल्या. त्यांचा धाकटा भाऊ अशाच फुटलेल्या बांधातून वाहून गेला होता.

मग नव्या शहरासाठी शेतं गेली, नदीचा सरळ नाला झाला. तिचं एक वळण बुजवून इमारत उठली, तिच्या तळमजल्यावर आम्ही राहायला आलो. तरी दर अमावास्येला, उधाणाच्या दिवशी, सासूबाई उंबरठ्यावर चिखलाचा बांध घालायच्या. शेजारी हसायचे. मी चिडायचे, कारण फरशी मलाच पुसावी लागायची.

"आय, नदी गेली आता!"

"नदी कुठं जात नाय गो. वाट बघत बसलेली हाय."

चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणात भरदुपारी पाऊस आणि उधाण एकदम आलं. पाणी जिन्याच्या पायरीला लागलं तशी मी हातातलं फडकं टाकलं. मी त्यांच्या शेजारी बसून चिखल थापू लागले. बांधाने थेंबही आत येऊ दिला नाही.

तेवढ्यात पाठीमागे मोरी गुडगुडली. जाळी उडाली आणि काळं पाणी भसाभस घरात आलं.

"आय, आता कुठं थापू?"

"थापू नको गो, जिन्यावर पल!" त्या किंचाळल्या, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या पायाने बांध तुडवला.