तर्री वेगळी बांधायची असते

नागपूर शहर माझ्या मोठ्या साडूंना विचारल्याशिवाय जेवायला बसत नाही. हे माझं म्हणणं नाही, त्यांचं आहे, आणि इतकी वर्षं त्यांच्या स्कूटरवर मागे बसून हिंडल्यावर मला ते खोडून काढता आलेलं नाही. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस घरी बसून पेपर वाचेल. त्यांनी दुसऱ्याच दिवशी शहराची ड्यूटी लावून घेतली. तर्री पोहे सक्करदऱ्याच्या गाडीवर आणि तेही सकाळीच, कारण तिथली बाई हरभऱ्याचा रस्सा पहाटे उठून स्वतः चढवते. समोसा जरीपटक्याला, पण पहिला घाणा नाही. पहिला घाणा तेलाला समज यायला जातो असं त्यांचं मत. सावजी मटण इतवारीतल्या एका बोळात, जिथे पाटी नाही आणि मालक गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघत नाही. हिवाळ्यात सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, स्वस्त झाली की सांबारवडी, आणि संत्र्याची बर्फी फक्त संत्र्याच्या दिवसांत. भर मे महिन्यात कुणी ती बर्फी तोंडात टाकली तर साडू त्याच्याकडे असे बघतात की बिचारा चावायचं थांबतो.

पत्ता सांगताना त्यांना रस्त्यांची नावं आठवत नाहीत. माझ्या सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, तर हे म्हणाले, "पाटोडी-रस्सावाल्याच्या वरच्या माळ्यावर. पण आधी डोळे दाखवा, मग रस्सा खा. उलटं केलं तर डॉक्टर उगाच थेंब टाकते." बाहेरगावच्या कुणी मोबाइलवर विचारलं, की नागपुरात काय काय खावं, जरा नावं पाठवा, तर नावं कधीच जात नाहीत. "नावानं पोट भरते का? स्टेशनवर उतर, मी येतो." आणि खरंच जातात हो. माझे एक साहेब पुण्याहून बदलून आले होते. त्यांना इतवारीच्या बोळात नेलं. साहेब दोन घास खाऊन शिष्टाचाराने म्हणाले, "छान आहे, चव उत्तम आहे." साडूंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही, कपाळाकडे बघितलं. "घाम कुठं आला? यायले अजून एक वाटी आण गा." घाम आल्याशिवाय खाणाऱ्याचा अभिप्राय ते धरत नाहीत. वाटी संपता संपता साहेब नखशिखांत भिजले, तेव्हा कुठे साडूंनी स्वतःचा घास मोडला.

पण या माणसाचं खरं वेड वेगळंच होतं. त्यांनी जन्मात कधी पार्सल आणलं नव्हतं. कढईपासून माणसाने चार पावलांवर उभं राहावं आणि तिथेच खावं, ही त्यांची पक्की समजूत. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला मी हौसेने सावजी मटणाचं पार्सल आणलं होतं. हे दारातून आत आले, पिशवी बघितली आणि एकदम आवाज खाली आणून माझ्या बायकोला विचारलं, "काहून वं, कोणाची तब्येत बिघडली?" त्यांच्या लेखी पार्सल म्हणजे बिमार माणसाचं जेवण. ज्याला जागेवरून उठता येत नाही त्याच्यासाठी डबा न्यायचा. हातीपायी धड असलेल्या माणसाने जाऊन खायचं. त्या दिवशी त्यांनी फक्त वरणभात खाल्ला, आणि वर मलाच म्हणाले, काळजी घेत जा.

त्यांना बायको मिळाली तीही जोडीची. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. लग्न ठरल्यावर हे तिला पहिल्यांदा फिरवायला घेऊन गेले ते बागेत नाही, पोह्यांच्या गाडीवर. "त्याईच्या आधी मी दुसरी तर्री मागतली," ताई अजून सांगते, आणि साडू अजून मान खाली घालतात. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोघं स्कूटरवर. आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, ते तिसऱ्या माळ्यावर, आम्ही पहिल्या. बिल्डिंगला लिफ्ट नाही. रविवारी जिन्यावरून आधी ताईच्या बांगड्या ऐकू यायच्या, मग साडूंच्या किल्ल्या. आमचं घड्याळ बंद पडलं तरी चाललं असतं.

गेल्या हिवाळ्यात ताई न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले, आता चालायचं, घाबरायचं नाही. व्यायाम घ्यायला एक मुलगी रोज यायची. ताई वॉकर घेऊन पलंगापासून दारापर्यंत यायची, दाराबाहेरचा जिना बघायची आणि परत फिरायची. "नाही होत वं," एवढंच. दोन महिने झाले, तीन झाले. पाय सुधारला आणि ताईच बिघडत गेली. चहाटोस्टवर आली. तर्रीवर तर्री मागणारी बाई वाटीभर भात उष्टा टाकायला लागली. डॉक्टरांनी साडूंना बाजूला घेऊन सांगितलं, की आत्ता नाही उतरल्या तर मग कधीच उतरणार नाहीत.

माझी बायको रोज त्यांच्या मागे लागायची, "भाऊजी, तिच्यासाठी पोहे आणा ना. तेवढं तरी जाईल पोटात." साडू म्हणायचे, "कायले आणू? ती येईल ना खाली." रोज तेच. खरं सांगतो, मला त्यांचा भयंकर राग आला. बायको वर पडून वाळून चालली आणि या गृहस्थाला आपला नियम प्यारा. एकदा रागारागात मीच सक्करदऱ्याला गेलो, म्हटलं आपण आणू. तर गाडीवरची बाई मलाच विचारते, "साहेब कुठी गेले गा? कितीक रविवार झाले, दिसून नाही राहिले." म्हणजे हे एकटेही येत नव्हते. मी पार्सल न घेता परत आलो. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मग एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात साडू. हातात कापडी पिशवी, पिशवीत पंच्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा. चेहरा असा, की चोरी करून आलेत.

"हे वर नेऊन दे," ते म्हणाले. "तू आणलं म्हण."

"तुम्हीच द्या ना."

"माझ्या हातानं नाही होत गा," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. त्या माणसाला मी तोपर्यंत कधी कशाला टेकून उभा राहिलेला बघितला नव्हता.

मी डबा घेऊन वर गेलो. माझी बायको तिथेच होती, तिने ताईला उशीला टेकवून बसवलं. मी तोंडभर हसून म्हटलं, "ताई, बघा तुमच्यासाठी काय आणलं." झाकण उघडलं. आत पोहे नव्हतेच. लाल लगदा होता. तर्री पोह्यांवर ओतून, वर झाकण दाबून, डबा सक्करदऱ्याहून घरापर्यंत स्कूटरवर हिंदकळत आला होता. कांदा मेलेला, शेव विरघळलेली. ताईने डब्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसायला लागली. किती दिवसांनी हसली ते आम्हा दोघांनाही कळलं.

"जवाईबापू, हे तुम्ही नाही आणलं," ती म्हणाली. "तुम्ही आणलं असतं तं तर्री वेगळी बांधून आणली असती. हे ज्यानं जिंदगीत पार्सल नाही आणलं त्याचं काम आहे."

तिने एक चमचा तोंडात घातला, सावकाश गिळला. हसू हळूहळू उतरत गेलं. "म्हणजे त्याईनं पार्सल आणलं," ती म्हणाली. "मी आता बिमार झाली म्हणजे." डोळे भरून आले होते; तर्रीने नाही. तिने चमचा डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि माझ्या बायकोला म्हणाली, "माही चप्पल कुठी आहे वं?"

तीन माळे उतरायला आम्हाला किती वेळ लागला ते विचारू नका. पुढे माझी बायको, मागे मी, मध्ये ताई, एक हात कठड्यावर, एक माझ्या बायकोच्या खांद्यावर. प्रत्येक पायरीवर थांबायची, देवाचं नाव घ्यायची आणि मग डॉक्टरचं, वेगळ्या सुरात. पहिल्या माळ्यावर साडू तसेच भिंतीला टेकून होते. आधी त्यांना बांगड्या ऐकू आल्या असणार. वळणावर ताई दिसली तसे ते सरळ झाले. मग साडू म्हणाले, "स्कूटर नको. आटो बलावतो." आणि जिना असे उतरले, की पडतील अशी मलाच भीती वाटली.

गाडीवर त्यांनी शेजारच्या चहावाल्याकडून प्लास्टिकचं स्टूल मागून आणलं, तिला बसवलं, आणि थोडा वेळ उभं राहून आणखी एक स्टूल मागून आणलं. हा माणूस त्या गाडीवर बसून पोहे खाताना मी बघितला. ताईने दुसरी तर्री मागितली तेव्हा कपाळ पुसत होते ते साडूच.

आता ते दर रविवारी जात नाहीत. ताई दमते, जिना मोठा आहे, आणि इतवारीच्या बोळात तर तिला आता नेताच येत नाही. ज्या रविवारी बांगड्या वाजत नाहीत त्या रविवारी मी उगाच दार उघडून जिन्यात डोकावतो. वयं झाली दोघांचीही.

ताई जिना उतरली त्या दिवशी दुपारी मी पिशवी परत द्यायला वर गेलो होतो. ताई दमून झोपली होती. साडू स्वयंपाकघरात ओट्याजवळ उभे राहून त्या डब्यातला थंड लगदा खात होते, खालमानेने.

"तुम्ही?" मी म्हटलं. "पार्सल?"

"बिमार माणसाचं आहे ना गा," ते म्हणाले. "मीच होतो." आणि डबा माझ्यापुढे केला. मी दुसरा चमचा शोधला नाही, त्यांच्याच चमच्याने एक घास खाल्ला. खरंच फार वाईट लागत होतं.