त्याच्या वाटणीची तुकडी

माझ्या नोकरीबद्दल लोकांना सांगायचं म्हणजे मला आधी कंटाळा येतो. दर तीन वर्षांनी त्याच घरांत जायचं, तीच माणसं मोजायची. कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, कोण शेती सोडून बंदरावर लागलं, कोण खारघरच्या टॉवरमध्ये राहायला गेलं, हे सगळं एका तक्त्यात भरायचं. आमच्या संशोधन संस्थेतले सर याला 'बदलत्या काळातला कुटुंबाचा जीवनक्रम' म्हणतात. माझी शेजारीण याला चौकशा म्हणते. मला शेजारणीचा शब्द जास्त पटतो.

सुरुवातीला प्रशिक्षणात आम्हा सगळ्यांना स्वतःचा तक्ता भरायला लावला होता. माझा अर्ध्या पानात आटोपला. पनवेलात जन्म, पनवेलातच शाळा, पनवेलातच नोकरी, लग्नाचा रकाना कोरा. सर म्हणाले, "छान, सुटसुटीत आहे." मी हसले खरी, पण त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं ते घर माझ्या यादीत पहिल्यापासून होतं. दोनच बायका, सासू आणि सून. सासू ओट्यावर बसून सुकट निवडायची, सून पनवेलच्या बाजारात मासे विकायची. पहिल्या फेरीत मी नेहमीचा प्रश्न विचारला, एका चुलीवर जेवणारी माणसं किती?

म्हातारीने बोटं पुढे केली. "थांब बाय, तुकड्या मोजते. मी एक, सून दुसरी, आन् माजा पोर. तीन."

त्या घरात माणसं अशीच मोजत. मासा कापताना माणशी एक तुकडी. समुद्रावर गेलेल्याची तुकडीही कापायची, तळायची आणि ताटलीखाली झाकून ठेवायची. तो येईल तेव्हा खाईल. मला ही रीत फार आवडली. मी वहीच्या कडेला लिहूनही ठेवली, सरांना सांगायला.

"मुलगा कुठे असतो, मावशी?"

"मोरा बंदरातल्या बोटीवर हाय. येल."

तीन माणसं लिहून मी निघाले. गल्लीच्या तोंडाशी नळ होता, तिथे सून मागून आली. हंडा खाली ठेवला, पदराने हात पुसले आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, तो नाय हाय. तीन वर्सं झाली. बोट परत आली, तो नाय आला. आईंना कोनी सांगू शकत नाय. पन तुमी लिवा. मयत लिवा."

"नक्की?"

"कुटंतरी लिवलेलं पायजे ना."

तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला कुंकू. मी तिथेच उभ्या उभ्या 'मुलगा, वय पस्तीस' यापुढे 'मयत' लिहिलं. तिने कागदाकडे बघितलं. तिला वाचता येत होतं. तिने तो शब्द दोनदा वाचला असावा, कारण जरा वेळ ती हललीच नाही. मग हंडा भरायला वळली.

तिच्यासाठी तो शब्द काय होता, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. आमच्या तक्त्याला कायद्यात काडीची किंमत नाही. तो कपाटात जातो, तिथून संगणकात, तिथून सरांच्या एखाद्या लेखात. पण ती विधवा आहे असं जगात फक्त त्या एका कागदावर लिहिलेलं होतं.

दुसऱ्या फेरीचे कागद आधीची माहिती छापूनच आले. नियम असा होता की मागची यादी मोठ्याने वाचून दाखवायची आणि विचारायचं, यात काही बदल? तोवर मी त्या वर्षी शंभरेक घरं केली असतील. जीभ सवयीने चालत होती. मी ओट्यावर बसले आणि वाचत सुटले.

"कुटुंबप्रमुख, तुम्ही. सून, हयात. मुलगा, मयत."

म्हातारीचे हात सुकटीत थांबले. सून दारात उभी होती.

"काय म्हनलीस?"

तेव्हा काय काय करता आलं असतं, याच्या याद्या मी पुढे कितीतरी वेळा केल्या. गप्प बसता आलं असतं. मावशींचा हात धरता आला असता. सुनेकडे बघून विचारता आलं असतं, की सांगूया का आता? मी यातलं काहीच केलं नाही. मी घाबरट बाई आहे.

"चुकून पडलंय, मावशी," मी म्हटलं. "छापण्यातली चूक."

"मग खोड."

मी खोडलं. वर 'हयात' लिहिलं, वय अडतीस केलं आणि नियमाप्रमाणे शेजारी माझी सही केली. म्हातारीने कागद हातात घेतला, उलटा की सुलटा ते तिला कळत नव्हतं, पण माझ्या सहीवर तिने अंगठा फिरवला. "लिवलंस ना नीट? हाय म्हून?"

"लिहिलं."

तेव्हा मी सुनेकडे बघितलं. ती माझ्या पेनकडे बघत होती. तो चेहरा माझ्या मागे लागला तो लागलाच. भाजी निवडताना, बँकेत रांगेत उभी असताना, कुणी पेन मागितलं तरी तो समोर यायचा.

कार्यालयात सरांनी विचारलं, आधी मयत आणि आता हयात, हे कसं काय? मी सांगितलं, पहिल्या फेरीतली चूक दुरुस्त केली. सर खूश झाले. पुढच्या प्रशिक्षणात त्यांनी माझा तो खोडलेला कागद पडद्यावर दाखवला, चूक कशी दुरुस्त करावी आणि सही कशी करावी याचा नमुना म्हणून. नवी मुलं टाळ्या वाजवत होती आणि मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

तिसऱ्या फेरीला मी ठरवून गेले. माफी मागायची आणि तो शब्द तिला परत लिहून द्यायचा. आता कागद नव्हते, टॅब आले होते. त्यात मागची माणसं आपोआप येतात आणि त्यांची वयंही आपोआप वाढतात. खाडीच्या रस्त्याने जाताना मी रिक्षात ते घर उघडलं. तो होता. वय एकेचाळीस. सहा वर्षांत त्याला मी सहा वर्षांनी मोठं केलं होतं.

ओट्यावर कुणी नव्हतं. सून आत चुलीपाशी होती. सासू आदल्या वर्षी गेल्याचं तिने सांगितलं, नेहमीच्या आवाजात. कुंकू, मंगळसूत्र तसंच होतं.

मी सगळं एका दमात बोलून टाकलं. माझं चुकलं, मी घाबरले, आता मावशी नाहीत, आता तुम्ही सांगाल तसं लिहिते.

ती मासा कापत होती. कोयता थांबला नाही.

"आता कशाला? तवा पायजे होतं."

मग तिने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगू शकणार नाही, कारण मध्येमध्ये मला ऐकूच येईनासं झालं होतं. माझ्या दुसऱ्या फेरीच्या सुमाराला उरणचा एक माणूस तिला लग्नाचं विचारत होता. बायको वारलेली, बंदरावर नोकरी. तिचा भाऊ तयार होता. वाड्यातली चार माणसंही म्हातारीला समजवायला तयार झाली होती, हळूहळू, पुढच्या होळीनंतर.

"मी पन मनाशी म्हनलं, मॅडमनं लिवलंय, आता मी मोकली. तुमी आलात, खोडलं. दुसऱ्या दिवशी आई देवलात नारल फोडून आली. सगल्या वाड्याला सांगितलं, शिकलेल्या बाईनं सही करून दिलंय, माजा पोर हाय. मग कोन बोलनार? जिचा दादला जिता हाय, तिला कोन नेनार?"

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"तुमी तीन वर्सांनी येता, ताई."



तिने दोन तुकड्या तळल्या. एक स्वतःसाठी काढली, दुसरी भातासोबत ताटात घालून माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, मी जेवून आले आहे. ते खोटं होतं आणि तिला कळलं.

"खा. त्याची हाय. झाकून ठेवायची, आन् सकाली मलाच खायला लागते. नऊ वर्सं खाते. आज तुमी खा."

मी खाल्ली. सुरमई ताजी होती, मीठ बरोबर होतं. ती समोर बसून बघत होती, काटे जपून काढा म्हणाली. पूर्ण संपेपर्यंत तिने स्वतःच्या ताटाला हात लावला नाही.

ताट उचलताना तिने टॅबकडे मान केली. "तुमचं ते इचारा ना. चुलीवर मानसं किती."

मी विचारलं.

"दोन," ती म्हणाली. "मी आन् तो. आता एकीपुरता मासा कापायला हात वलत नाय."

मी दोन लिहिलं. खाली रकाना आला, मागील फेरीतील सदस्य, पुरुष, वय एकेचाळीस, हयात आहे का? मी तिच्याकडे बघितलं. ती भांडी घासायला बसली होती, पाठ माझ्याकडे होती. मी 'होय' दाबलं.