इनास मास्तरांच्या चार ओव्या

इनास मास्तर कुणाच्याही घरात शिरले की आधी पंखा बंद करायचे. मे महिना असो, यजमान घामाने निथळत असो. "वाऱ्याक सूर कळणत नाय," म्हणायचे आणि पेटी जवळ ओढायचे. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन, गुरुवारी आमच्या वाडीच्या भजनात पेटी, आणि उरलेल्या वेळात शाळेत गणित. वेंगुर्ल्यात त्यांच्याकडून एकही सूर न शिकलेला माणूस शोधलात तर बहुतेक मीच सापडेन. सातवीत मी त्यांच्यासमोर प्रार्थना म्हटली. त्यांनी ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "झिला, गळ्यात काटो अडाकलो काय रे? भाताचो गोळो गीळ."

पुढे मी काजूच्या जुन्या गोदामाला आतून गोणपाट ठोकलं, कॉम्प्युटर मांडला आणि बाहेर 'रेकॉर्डिंग स्टुडिओ' अशी पाटी लावली. मास्तर पाटी वाचून म्हणाले, "ज्येका गावंक येणा नाय, तो दुसऱ्याक गावंक लावता. बरां केलंस."

एका दुपारी ते एकटेच आले. पंखा बंद केला, बसले. गळ्यात गाठ निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनसाठी गोव्याला निघायचं होतं. "आवाज रवतलो काय नाय, डॉक्टरांकव म्हायत नाय," ते म्हणाले. नाताळानंतर त्यांच्या लिलीचं लग्न होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला नारळाचा रस लावून न्हाऊ घालतात, तो रोस. त्या वेळी गाण्यासाठी मास्तरांनी लेकीवर चार ओव्या रचल्या होत्या. "त्या दिसा माझो आवाज नसलो तर? तू आताच घेवन ठेव."

मास्तर कीबोर्ड वाजवणार आणि गाणार. म्हणजे दोन ट्रॅक. कीबोर्डचा ट्रॅक मिडीचा. त्याच्या वायरीतून आवाज येतच नाही. कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढीच नोंद येते. आवाज मागाहून सॉफ्टवेअर देतं. दुसरा ट्रॅक माइकचा, त्यांच्या गळ्याचा. प्रत्येक ट्रॅकला एक लाल बटण असतं. ते लावलं तरच त्यावर काही उमटतं.

मी दोन्ही लावली होती. पण मला शहाणपणा दाखवायची खाज. "मास्तर, गंमत बघा," म्हणून माइकचं बटण काढलं, त्यांच्याकडून दोन ओळी वाजवून घेतल्या आणि त्याच ओळी आधी व्हायोलिनवर, मग बासरीवर ऐकवल्या. "फॉरेनात सुद्धा असंच करतात," असंही सांगितलं. माझं फॉरेन म्हणजे बांद्याची हद्द ओलांडून पणजीपर्यंत. मास्तर म्हणाले, "पुरे तुझी जत्रा. गावंदे."

ते गायले. माझ्या हेडफोनमध्ये त्यांचा आवाज माइकमधून सरळ येत होता, त्यामुळे मला शंकाही आली नाही. तिसऱ्या ओवीत त्यांचा गळा भरून आला, बोटं थांबली, पुन्हा सुरू झाली. चौथी संपली. मी स्क्रीनकडे पाहिलं. कीबोर्डच्या ट्रॅकवर रांगोळीसारखे ठिपके, आणि खालचा माइकचा ट्रॅक कोरा.

"इलां मां रे?" मास्तरांनी घाम पुसत विचारलं.

"इलां, मास्तर. एकदम फसक्लास."

हे वाक्य माझ्या तोंडातून कसं निघालं, मला आजही कळत नाही. ते तिथेच होते, आवाज शाबूत होता. पुन्हा गा म्हटलं असतं तर गायले असते. शिव्या घातल्या असत्या आणि गायले असते.

ऑपरेशन झालं, आवाज गेला. मास्तर पाटीवर लिहून बोलू लागले. त्यांचा मुलगा विचारायचा तेव्हा मी "मिक्सिंग चालू आसा" सांगायचो. त्यांच्या दारावरून मासळी बाजाराला जायचं मी सोडलं. तीन महिने बायकोच मासे आणत होती. लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा लॅपटॉप घेऊन गेलो आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

मास्तरांनी पाटीवर लिहिलं, "वाजव."

वाजवलं. त्यांची बोटं मांडीवर हलत होती. तिसऱ्या ओवीत कीबोर्ड थांबला. माझी जीभ पुन्हा वळवळली. "ही मधली जागा काढून सारखं करू का? एका मिनिटाचं काम."

"रवांदे," त्यांनी लिहिलं. "थंय माझो गळो भरललो."

रोसाच्या दिवशी मांडवात बायकांनी मास्तरांच्या हातचा कागद घेतला आणि माझ्या स्पीकरवरच्या कीबोर्डबरोबर ओव्या म्हटल्या. तिसऱ्या ओवीत कीबोर्ड थांबला, तशा सगळ्या थांबल्या. लिली नारळाच्या रसाने माखलेली, पाटावर बसलेली. गाणं संपल्यावर तिने विचारलं, "पप्पा, तू गावन ठेवलंस मां? मगे आवाज खंय?"

मी तोंड उघडलं. मास्तरांनी त्याआधी पाटी वर केली. "मियाच नको म्हटलंय. रोसाक बायलांनीच गावचां."

टाळ्या पडल्या. लिलीच्या मावशीने मला काळ्या गुळाच्या गोड दोदोलाचा मोठा तुकडा दिला. मी तो खाल्लासुद्धा.

मास्तर गेल्या वर्षी गेले. लिली कुवेतहून फोन करते आणि दर वेळी म्हणते, पप्पांचं मन केवढं, स्वतःचा आवाज बाजूला ठेवून बायकांना गायला लावलं. मी हूं म्हणतो. आता हे लिहून आधी तिलाच पाठवतो आहे.

लिली, तुझ्या पप्पांनी नको म्हणूक नाय. चारय ओव्यो मास्तर गायले. बटाण मी दाबूक नाय.