हिराक्कांची भरली बादली

वॉर्डबॉय शंकर रक्तपेढीच्या दारात आला आणि नेहमीसारखा उंबऱ्याबाहेरच थांबला. वॉर्डात न्यायची रक्ताची पिशवी तो कायम तिथूनच हात लांबवून घ्यायचा. त्या दिवशी मात्र त्याने हात पुढे केला नाही. "बाई, हिराक्का गेल्या. शिरोळला, ल्येकाकडं... झोपेतच." मी हातातली परीक्षानळी खाली ठेवायची विसरले. या गोष्टीला आता महिना होत आला, तरी जिन्यातून त्यांचा आवाज येईल असं रोज सकाळी वाटतं.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या या दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा हिराक्का इथल्या सगळ्या मावश्यांच्या आणि वॉर्डबॉयच्या पुढारी होत्या. कुणी नेमलेल्या नव्हत्या, पण त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. ठेंगण्या, काटक, फरशी पुसायची भरली बादली एका हाताने उचलायच्या. दवाखान्यात रक्तदान शिबिर असलं की डॉक्टर, सिस्टर, कॉलेजची मुलं गादीवर, आणि आमची ही मंडळी चहा-बिस्किटं वाटायला. "आक्का, तुम्ही कधी?" म्हटलं की कमरेवर हात जायचे. "तुमचं बसून काम हाय, बाई. आमी दिसभर पाणी उचलायचं, पेशंट उचलायचं. रगात काढून घेतल्यावर बळ ऱ्हातंय व्हय अंगात? मग ही कामं काय तुमी करणार?" सगळे हसायचे, मीसुद्धा. पण त्यात थट्टा कमी आणि धास्तीच जास्त होती. हात गळाले तर कामावरून काढतील, ही धास्ती. एका शिबिरात दोघंतिघं वॉर्डबॉय गादीपर्यंत आले होते. आक्कांनी त्यांना दंडाला धरून परत नेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शंकरची बायको आमच्याच दवाखान्यात बाळंत झाली. रक्तस्राव थांबेना. तिच्या गटाच्या होत्या तेवढ्या पिशव्या संपल्या. पेठ वडगावहून तिचे भाऊ निघाले होते. शंकरचे सोबती व्हरांड्यात खाली मान घालून उभे, रक्त द्यायला कुणी धजेना... आणि आक्का धाडकन आत आल्या. बोट पुढे करून म्हणाल्या, "घ्या माझं." तेव्हा आम्ही बोटातून काढलेला थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडत असू. तळाला गेला तर रक्त घेण्याजोगं, तरंगला तर त्या माणसाच्याच अंगात रक्त कमी. आक्कांचा थेंब तरंगत राहिला. "परत सोडा की!" परत सोडला. तोही तरंगला. दुसऱ्या रक्तपेढीतून पिशवी येईपर्यंत उशीर झाला होता. मुलगी वाचली, तिची आई गेली.

आक्कांना कुणी बोल लावला नाही. शंकरने तर कधीच नाही. पण तो त्या दिवसापासून रक्तपेढीचा उंबरा ओलांडेनासा झाला, आणि आक्कांचं बोलणं आटलं. "मीच त्या पोरास्नी गादीपासनं माघारी नेलं न्हवं का..." एवढंच एकदा माझ्यापाशी म्हणाल्या. सिस्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्या न चुकता घ्यायला लागल्या. चहाने लोह अंगी लागत नाही म्हणून जेवणावर चहा प्यायचा सोडला. अधूनमधून येऊन बोट पुढे करायच्या, थेंब तरंगला की निमूट कामाला जायच्या. वर्ष उलटून गेल्यावर एकदा तो सरळ तळाला गेला. भांड्याला नाक लावून बघत होत्या. "बसला न्हवं? बसला!" मग गादीवर पडून पिशवी भरेपर्यंत त्या मुकाट रडत होत्या.

"आज जड उचलू नका," मी बजावलं. ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळे कामावर यायच्या वेळेला वॉर्डाच्या दारात काठोकाठ भरलेली बादली एका हाताने उचलून उभ्या राहिल्या. "बघा! हालतोय का हात?" त्यानंतर एकेक जण रक्तपेढीत यायला लागला. पुढे रीतच पडली. पहिल्यांदा रक्त दिलेल्याने दुसऱ्या सकाळी आक्कांसमोर भरली बादली उचलायची, आणि त्या "ठेव" म्हणेपर्यंत खाली टेकवायची नाही. आक्का मुद्दाम वेळ लावायच्या. शंकर तेवढा या खेळात कधी आला नाही. आक्काही त्याला कधी चल म्हणाल्या नाहीत. त्यांना ते जमलंच नसतं.

आता निळं पाणी गेलं, यंत्र आलं. मागच्या आठवड्यात शंकर उंबरा ओलांडून आत आला आणि माझ्यासमोर बोट धरलं. यंत्राने होकार दिला. रक्त देऊन तो वॉर्डात परत गेला. दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच गेले. आक्का निवृत्त झाल्यापासून जिन्याखाली उपडी पडलेली त्यांची पत्र्याची बादली त्याने घासली होती, भरली होती, आणि वॉर्डाच्या दारात ती एका हाताने उचलून तो उभा होता. समोर कुणीच नव्हतं. पाणी हिंदकळून पायांवर सांडायला लागलं तरी त्याने ती खाली टेकवली नाही.

"बास झालं शंकर, ठेव आता," मी म्हटलं.

"थांबा, बाई," तो दाराकडे बघत म्हणाला. "आक्का अजून म्हणल्या न्हाईत."