आईले सीट

नंदनवनातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी कूलर दुरुस्त करणाऱ्याचे दुकान आहे. हाताने काम आणि तोंडाने इंग्रजी, ही त्याची सवय. मोबाइलवर तो एकच धडा पुन्हा पुन्हा लावायचा. त्यात विमानातले दोन प्रवासी एका सीटवरून तावातावाने भांडतात आणि शेवटी कळते की दोघेही चुकीच्या विमानात बसले आहेत. दोघांची वाक्ये तो स्वतःच म्हणायचा. "एक्सक्यूज मी, धिस इज माय सीट," हे बंद पडलेल्या पंपाला आधी नम्रपणे, मग पाना आपटून.

त्याच्या आईला घशाचा कॅन्सर होता. तिला मुंबईला न्यायचे होते आणि रेल्वेचा प्रवास तिला झेपणार नव्हता.

धड्यातल्या 'आईल सीट'चा अर्थ मी एकदा त्याला सांगितला: मधल्या वाटेकडची जागा.

"मी तं समजून राहिलो होतो, आईले सीट द्या म्हणते," तो म्हणाला. हसला नाही. "तेच बरं हाय भाऊ. तिले उठाले सोपं जाईन. कोणी बसला असन तं भांडाले इंग्रजी तयार हाय."

महिन्याभराने तो एकटा परतला. आई तिकडेच वारल्याचे गल्लीत कळले होते. दुकान उघडले, पण मोबाइल बंद होता. तो आपणहूनच बोलला.

"जाताना कोणी भांडलंच नाही, भाऊ. येताना काउंटरवरच्या पोरीनं इचारलं, विंडो का आईल? तोंडातून आईल निघून गेलं."

त्याने पंप उलटा करून पाणी सांडले.

"मंग मीच बसलो तिथं."