इर्जिकीचं जेवान आन मळेवाल्याचं मशीन

लाकूड फोडायचं मशीन आमच्या निघोज्यात आलं ते कंपन्या यायच्या लई आधी. तवा माझं थोरलं लेकरू अंगावर पीत व्हतं. आता पोरं मला सांगत्यात, आजी, ट्रॅक्टरला जोडून लाकडं फोडायचं मशीन निघालंय. मी म्हनते, निघू द्या. मी ते बघितलंय, आन त्याच्यापायी आमचं बोकड फुकट गेलेलं बी बघितलंय.

त्या सालाला माझ्या नणंदेचं लगीन ठरलं व्हतं. तिची आधीची एक सोयरीक मोडली व्हती. कारन काय, तर बोलनीला आलेल्या पाव्हन्यांना जेवायला उशीर झाला. त्या दिवशी लाकूड वलं व्हतं, चूल नुसती धुपत बसली, आन पाव्हनं म्हनाले, हितं दहा मानसाला टायमात वाढता येईना, हे लगीन काय उठवनार. ताटावरनं लगीन मोडनारी मानसं, त्यांच्या घरात पोरगी गेली न्हाई ते बरंच झालं म्हना. पर सासूबाईंनी धसका घेतला. आता वऱ्हाड चाकनकडनं येनार व्हतं, बैलगाड्या भरून. त्या उठता बसता येकच म्हनायच्या, "ह्या डावाला जेवान टायमात उठलं न्हाई तर माझी पोरगी घरातच म्हातारी व्हईल."

जेवान उठायचं तर चुलवान धडाडून पेटलं पायजे, आन त्याला लाकूड फोडून वाळवलेलं पायजे. आख्खा ओंडका नुसता धुमसतो. म्हनून उन्हाळ्याच्या तोंडाला बांधावरची जुनी बाभळ तोडली. तोडताना आमचं धनी फांदीसंगट खाली आलं आन मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कांबी बांधल्या आन खाटंवर निजवलं. बाभळीचे ओंडके दारात, धनी पडवीत. दोन्ही आडवे.

आमच्यात असं काम अडलं की इर्जिक घालायचे. गावाला सांगावा धाडायचा. घरटी एक गडी आपलं हत्यार घेऊन येनार, दिवसभर राबनार, आन सांजच्याला त्या घरी जेवून जानार. मजुरी न्हाई, जेवान हीच मजुरी. आन त्याचा येक कायदा व्हता. येका कामाला इर्जिक येकदाच. जेवान पोटात गेलं की काम झालं, परत त्याच कामाला हाक मारायची न्हाई. मारली तर कुनी येत न्हाई, आन वर हसत्यात.

सासूबाईंनी सांगावा धाडला. दारातलं बोकड कापायचं ठरलं. लगनाला राखलेलं व्हतं ते, पर म्हनाल्या लाकूडच न्हाई तर बोकड शिजवू कशावर.

सांगावा गेला तसा मळेवाला आला. नदीकाठाला त्याचा उसाचा मळा, पान्याचं इंजिन, आन पंचक्रोशीत येकटा ट्रॅक्टर. निम्मं गाव त्याच्या इंजिनाचं पानी घ्यायचं, म्हनून त्यो शिंकला तरी लोक मान डुलवायचे. दारात हुबा ऱ्हाऊन, ओंडक्यावर पाय ठेवून म्हनाला,

"म्हातारे, कुऱ्हाडीनं कवा फुटायचं हे? मी मशीन आनतो. सकाळच्या पारी समदं चिरून देतो."

सासूबाई म्हनाल्या, "मालक, गडी येत्यात की इर्जिकीला."

"येऊ द्या. बघायला येऊ द्या. हत्यारं मातर घरी ठेवा म्हनावं. कुऱ्हाडी घेऊन आले तर माझ्या मशिनीची काय शोभा?"

शोभा म्हनाला. मला वाटलं हा लाकूड फोडाया निघालाय का नवरी सजवाया.

मशीन पिंपरीच्या कॅम्पातल्या येका मिस्तरीनं बनवलेलं. भंगारातला लॉरी उचलायचा जॅक घेतलेला, त्येला येक लोखंडी पाळना जोडलेला. पाळन्याच्या येका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला जाड दांडा. ट्रॅक्टर चालू केला की पायपातनं तेल सुटायचं आन तेलाच्या जोरानं दांडा फुडं सरकायचा. मधी ओंडका निजवायचा. दांडा ओंडक्याला पाचरीवर रेटायचा, की ओंडका दोन. एवढंच. म्हशीला खुट्यावर दाबल्यागत.

इर्जिकीच्या दिवशी गाव लोटलं. घरटी येक येनार, तिथं घरटी चार आले, आन येकाच्या हातात कुऱ्हाड न्हाई. मशिनीला हळद-कुंकू लावलं, हार घातला, लिंबू बांधलं. नारळ वाढवला, त्यो मातर हातानं, दगडावर.

मिस्तरीनं पयला ओंडका निजवला. आमचा न्हवता त्यो. मळेवाल्यानं घरनं आंब्याचे दोन सरळ ओंडके आनले व्हते, दाखवायला. दांडा सरकला, करकर वाजलं, ओंडका भाकरीगत दुभंगला. दुसरा बी तसाच. लोकांनी टाळ्या पिटल्या. येक म्हातारा तर मशिनीच्या पाया पडला. त्याच्या घरचं सरपन सून डोक्यावरनं आनायची. तिच्या पाया पडलेला मी त्येला कवा बघितला न्हाई.

मंग आमची बाभळ आली. गाठाळ, पीळ पडलेली. दांड्यानं रेटली, पाचर निम्मी आत गेली आन तितंच रुतली. फुडं न्हाई, मागं न्हाई. ट्रॅक्टर गुरगुराय लागला.

मिस्तरी म्हनाला, "मालक, थांबवू का? हे लाकूड वाकडं हाय."

मळेवाला म्हनाला, "थांबतो कशाला? गाव बघतंय. दाब."

त्यानं दाबलं. पायप फुटला. गरम तेलाची चिळकांडी उडाली ती फुडं बसलेल्या पंचांच्या धोतरावर, लाकडाच्या ढिगावर, कुंकवावर, समद्यावर. बाया पोरं घेऊन पळाल्या. पंच उठून नाचाय लागले, त्यांना नाचताना गावानं तवाच बघितलं. मळेवाला मिस्तरीकडं बघून म्हनाला, "पायप हलका घातलास." मिस्तरी म्हनाला, "लाकूड वाकडं हाय." दोघांचं येका गोष्टीवर जमलं, चूक मशिनीची न्हाई. नवा पायप पिंपरीहून आनायचा ठरला. परवा येतो म्हनाले.

तवा सकाळच व्हती. दिवस आख्खा पडला व्हता. मी सासूबाईंना बाजूला घेतलं.

"आत्याबाई, गड्यांना म्हना घरनं कुऱ्हाडी आना. सांजपतूर बक्कळ फुटतील."

सासूबाईंनी येका शेजाऱ्याला इचारलं. त्यानं मळेवाल्याकडं चोरून बघितलं आन हळूच म्हनाला, "काकू, मालकाच्या म्होरं कुऱ्हाड उचलली तर त्यांचा अपमान व्हईल. उद्या पान्याची पाळी मागायला जायचं हाय मला."

असं येकेकानं सांगितलं. मशीन मेलेलं, आन त्याचा मान राखायला गाव बसलेलं. लिंबाखाली बसून दिवसभर काय केलं? तर मशीन कसं फुटलं त्याची चर्चा केली. येक म्हनतो तेल कमी पडलं, येक म्हनतो मुहूर्त चुकला. येकानं तर नारळाला दोष दिला. त्या बोलन्याला जितकं तोंड हाललं तितका हात हालला असता तर लाकूड सरलं असतं.

सांज झाली. मी म्हनले, "आत्याबाई, काम झालं न्हाई. जेवान वाढू नका. वाढलं की इर्जिक संपली."

सासूबाई लई वेळ रश्श्यात पळी फिरवत बसल्या. मंग म्हनाल्या, "दारात आलेला मानूस उपाशी पाठवू? उद्या ह्याच लोकांना लगनात उभं करायचंय. वाढ, पोरी."

वाढलं. पंगत बसली. बिनकुऱ्हाडीचे गडी भाकरी कुस्करून बोकड जेवले, बोटं चाटली. मळेवाल्याला नळी वाढली, त्यो वर म्हनतो, "म्हातारे, मीठ जरा कमी हाय." जाताना आंब्याचे फुटलेले ओंडके ट्रॉलीत घालून घरी नेले. त्याचंच लाकूड, त्याच्याच घरी. आमच्या दारात रुतलेली बाभळ, तेलाचं थारोळं, आन खरकटं.

परवा काय आलाच न्हाई. मशीन ताडपत्रीखाली आमच्याच दारात, आन त्याला वळसा घालून आमी पान्याला जायचो.

मंग मी कुऱ्हाड उचलली. दुसरं कोन उचलनार. लेकराला झोळीत टाकायचं, सासूबाई पाचर धरायच्या, मी घन मारायची. पयल्या दिवशी हात फुटले, दुसऱ्या दिवशी फोडांवर चिंध्या बांधल्या, मंग हाताला कळेनासं झालं. अंगावरचं दूध आटाय लागलं. लेकरू रडायचं, त्येला ज्वारीची पेज पाजायची आन परत घन. येवढंच, त्यात सांगन्यासारखं काय न्हाई.

धनी पडवीतनं शिकवायचे.

"तितं न्हवं, गाठीच्या डाव्या अंगानं घाल."

"या मंग उठून."

"कुऱ्हाड उलटी धरलीस."

"तुमी बाभळीवर सरळ बसला व्हता न्हवं, बघितलंय की."

त्यावर ते भिताडाकडं तोंड करायचे, आन घटकाभरानं परत, "डाव्या अंगानं."

गावातले लोक येता-जाता थांबायचे. येक जन म्हनाला, "बाईमानसानं घन उचलला, काय दिवस आलं." हाच गडी इर्जिकीला दोनदा रस्सा मागून प्याला व्हता. मी म्हनले, "भावजी, दिवस न्हाई आलं, लगीन आलंय. धरता का पाचर?" त्येला घाईचं काम आठवलं.

नणंद सरपन रचायची. सासूबाई तिला घन धरू देईनात. म्हनायच्या, हळदीच्या हाताला फोड दिसले तर ते लोक काय म्हनतील. ती गपगुमान रचायची, सालपाटं येचायची, आन दुपारच्याला माझ्या लेकराला घेऊन उन्हातनं सावलीत, सावलीतनं उन्हात फिरायची.

असं करून लाकूड फुटलं. लगनापतूर उन्हात वाळून कडकडीत झालं. तेल उडालेले ओंडके मी वेगळे काढले. त्यांचा वास मारायचा, धूर काळा यायचा. ते चुलवानात घातले न्हाईत, वऱ्हाडाच्या आंघुळीच्या पान्याखाली घातले.

लगनादिवशी चुलवान असं पेटलं की आचारी म्हनाला, "बाई, लाकूड मागं वढा, भात करपंल." ऊन डोक्यावर यायच्या आत भात, वरन, बुंदी समदं तयार. वऱ्हाडाची पयली पंगत टायमात बसली. चाकनकडची येक म्हातारी, नवऱ्याची आत्या, मांडवात मोठ्यानं म्हनाली, "ह्यांच्यात हात उरकता हाय." सासूबाई तितंच खाली बसल्या. रडल्या न्हाईत. नुसत्या बसल्या.

मंग मानपान निघाले. गावचा म्हातारा मांडवात हुबा ऱ्हाऊन येकेकाचं नाव घेत व्हता. भांडी कुनी दिली, मांडव कुनी घातला. आन मंग म्हनाला, "लाकूडफाटा मळेवाल्या मालकांकडनं, मशीन लावून." टोपी, टावेल, नारळ. मळेवाला फुडं आला, टोपी वाकून घेतली, डोक्यावर चढवली, आन दोन्ही हात जोडून चहूकडं फिरला. लाज म्हनून काय असती ती त्याच्या तोंडावर शोधली मी. येवढासा डाग बी दिसला न्हाई. लोकांनी बी मान डुलवली. येकाला तरी वाटावं, आपन त्या दिवशी काय बघितलं. पर न्हाई. पान्याची पाळी जवळ आली व्हती.

मी चुलवानापाशीच व्हते. नणंद नवरीच्या शालूत आली, गाडी जुपली व्हती तरी आली. माझे हात बघितले, काळे, चिरलेले.

म्हनाली, "वयनी, टोपी तुमाला पायजे व्हती."

मी म्हनले, "माझ्या डोक्यावर पदर हाय. टोपी कुठं घालू?"

ती हसली, मंग हसता हसता तिला रडू आलं. मी म्हनले, शालूला काजळी लागंल, जा. ती गाडीत बसली. तिच्या सासरच्यांनी जेवनाला नावं ठेवली न्हाईत, ना तवा, ना मागनं. ती नांदली.

गाडी वेशीपतूर गेली न्हवती तवर आचाऱ्यानं हाक मारली. गावची पंगत अजून बसायची व्हती. मळेवाला टोपी घालून पयल्या ताटावर बसला व्हता. मी दोन ओंडके आत सारले आन भाताचं पातेलं उतरून घेतलं.